यशवंताची आई

श्रोतेहो, नमस्कार.

१० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. आज त्यांचा स्मृतिदिन. शाळाशाळांतून आज भाषणं झाली असतील आणि त्यांत १८४८ साल, भिडे वाडा, अंगावर पडलेलं शेण हे सगळं आलं असेल. ते यायलाच हवं. पण १८४८ साली त्या सतरा वर्षांच्या होत्या आणि गेल्या तेव्हा सहासष्टच्या. मधल्या एवढ्या वर्षांतली एक बाई आपल्या भाषणांत फारशी येत नाही. ती यशवंताची आई. मला आज तिच्याविषयी बोलायचं आहे.

त्या शेवटच्या दिवसांत पुण्यात प्लेग पसरला होता. घरात उंदीर मेलेला दिसला की माणसं घरदार सोडून पळत होती. डॉ. यशवंत लष्करी सेवेत होते. सावित्रीबाईंनी त्यांना बोलावून घेतलं आणि गावाबाहेर, हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर रुग्णांसाठी दवाखाना सुरू करायला लावला. एकुलता एक मुलगा, तोही डॉक्टर. प्लेगमध्ये कुठलीही आई त्याला म्हणाली असती, बाबा, लांबच राहा. या आईनं त्याला साथीच्या तोंडाशी बोलावलं, आणि स्वतः त्याच्याबरोबर उभी राहिली. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला लागण झाली, तेव्हा त्याला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या. त्यातच त्यांनाही प्लेगनं गाठलं.

हा मुलगा कुठून आला, कसा वाढला, ते सांगतो.

सावित्रीबाईंना मूल नव्हतं. त्या काळी मूल नसलेल्या बाईला काय काय ऐकावं लागे, हे वेगळं सांगायला नको. आजही फार बदललंय असं नाही. जोतीरावांनी दुसरं लग्न केलं नाही. १८६३ साली या दोघांनी आपल्याच घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. फसवल्या गेलेल्या, दिवस गेलेल्या विधवेपुढे तेव्हा दोनच वाटा असत: स्वतः विहीर जवळ करायची, नाहीतर जन्मलेल्या बाळाचा गळा दाबायचा. या बायांनी इथं यावं, गुपचूप बाळंत व्हावं, बाळ न्यावं किंवा ठेवून जावं, कोणी नाव विचारणार नाही, अशी ती सोय होती.

इथं मला मुक्ता आठवते. फुल्यांच्या शाळेतली चौदा वर्षांची मांग समाजातली मुलगी. १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात तिचा निबंध छापून आला. त्यात ती लिहिते की आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, थंडीवाऱ्यात त्यांचे हाल होतात. चौदा वर्षांची पोर बाळंतपणाबद्दल छापील पानावर लिहिते, तेही १८५५ साली! वर्गात मुलांना बोलू दिलं, त्यांचं ऐकून घेतलं, तरच असं लिहून होतं. मुक्ताच्या निबंधावरूनच गृहाची कल्पना निघाली असं मी म्हणत नाही. पण ज्या घरात असे निबंध वाचले गेले, त्याच घरात आठ वर्षांनी परक्या बायांच्या बाळंतपणासाठी खोली रिकामी झाली, एवढं मला दिसतं.

त्याच घरात १८७४च्या सुमारास काशीबाई नावाची ब्राह्मण विधवा बाळंत झाली. जोतीरावांच्या मृत्युपत्रात या जन्माची नोंद आहे. बाळाची नाळ सावित्रीबाईंनी स्वतः कापली, हे त्यांनी त्यात मुद्दाम लिहून ठेवलं. मृत्युपत्र म्हणजे मालमत्तेचा, वारसाहक्काचा कागद. त्यात नाळेचा उल्लेख कशाला? मला वाटतं, उद्या कोणी म्हणेल हा तुमचा मुलगा नव्हेच, त्याला तिथंच उत्तर देऊन ठेवलं. ज्या मुलाला जगात येतानाच नको म्हटलं गेलं असतं, त्याला पहिल्यांदा हातात घेतलं ते सावित्रीबाईंनी. पुढं तो यशवंत झाला.

यशवंत तीन-चार वर्षांचा असेल, तेव्हा दुष्काळ पडला. १८७७च्या एप्रिलमध्ये सावित्रीबाई जुन्नर भागात होत्या. ओतूरहून त्यांनी जोतीरावांना लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. सावकारांचा जुलूम, रिकामी गावं, वैरणीवाचून मेलेली जनावरं, सगळं त्यात आहे. जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाच्या कार्यकर्त्यांना पकडलं होतं. त्या थेट कलेक्टरला भेटल्या आणि त्यांना सोडवून आणलं; वर त्या कलेक्टरनं चार बैलगाड्या ज्वारी पाठवली. मिळालेल्या दाण्यांतून पुढं किती पोरांच्या ताटात भाकरी पडली असेल! यशवंत अशा घरात वाढला. स्वतःच्या वाटणीची आई त्याला कधी पुरती मिळाली नसणार, याचंही मला वाईट वाटतं. आपण थोर माणसांच्या मुलांचा विचार फार कमी करतो.

यशवंताचं लग्न ठरलं ज्ञानोबा ससाणे यांच्या राधाशी. सावित्रीबाईंनी काय करावं? लग्नाआधीच राधाला घरी आणून ठेवलं. मुलामुलीनं एकमेकांचा स्वभाव ओळखावा, मगच पुढं जावं. आणि ही होणारी सून शिकावी म्हणून घरातलं काम आपल्याकडे घेतलं. १८८९च्या फेब्रुवारीत सत्यशोधक पद्धतीनं, भटजीशिवाय लग्न लागलं. सासू होण्याच्या उंबरठ्यावरही त्या मास्तरीणच राहिल्या, ही गोष्ट मला भिडे वाड्याइतकीच मोठी वाटते. मुलींच्या शाळा काढणारे पुष्कळ निघाले. पण सुनेच्या हाती पुस्तक देऊन स्वतः चुलीपुढं बसणारी सासू १८८९ साली शोधून पाहा.

पुढच्याच वर्षी, २८ नोव्हेंबर १८९० रोजी, जोतीराव गेले. अंत्ययात्रेच्या वेळी भाऊबंदांनी हरकत घेतली की यशवंत दत्तक, त्याला टिटवं, म्हणजे अंत्ययात्रेपुढं न्यायचं मडकं, धरण्याचा हक्क नाही. आईबापाच्या घरात सोळा वर्षं वाढलेल्या मुलाला त्या घडीला असं ऐकावं लागलं. तेव्हा सावित्रीबाई पुढं झाल्या. टिटवं त्यांनी स्वतः हातात घेतलं, अंत्ययात्रेच्या पुढं चालल्या आणि नवऱ्याला अग्नीही त्यांनीच दिला. बाईनं स्मशानात जाऊ नये, हा नियम त्या दिवशी पुण्याच्या रस्त्यावर सगळ्यांदेखत मोडला. बहुतेक जण याकडे स्त्रीच्या हक्काची गोष्ट म्हणून पाहतात, आणि ती तशी आहेच. पण मुलाचा अपमान होऊ देणार नाही, हा आईचा हट्टही मला त्यात दिसतो.

जोतीरावांनंतर सत्यशोधक समाजाचं काम त्यांनी खांद्यावर घेतलं. १८९३ साली सासवडच्या परिषदेचं अध्यक्षपद त्यांनीच भूषवलं. १८९५ साली राधा गेली. ज्या मुलीला हाताशी धरून शिकवलं, ती आपल्या डोळ्यांदेखत जावी, याहून मोठं दुःख कोणतं? यशवंत पुन्हा नोकरीवर होते. दोन वर्षांनी प्लेग आला, आणि आईनं मुलाला बोलावणं धाडलं.

श्रोतेहो, सावित्रीबाईंची पत्रं आणि कविता डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या समग्र वाङ्मयात एकत्र मिळतात. तुमच्या गावच्या वाचनालयात ते असेल. नसेल तर ग्रंथपालांकडे मागणी नोंदवा. शिक्षक ऐकत असतील तर त्यांना सांगतो, १८७७चं ओतूरचं पत्र वर्गात मोठ्यानं वाचायला एक तासही लागत नाही.

नमस्कार.