ओव्हलच्या दोन्ही बाजू : शासकीय विधी महाविद्यालयाचं एक वर्ष

[दृश्य: चर्चगेट स्थानक, सकाळ. 'ए' रस्त्याकडे वळणारी मुलंमुली. पाऊस नुकताच थांबलेला.]

१ जुलै २०२४, सोमवार. त्या दिवसापासून देशभरातल्या पोलीस ठाण्यांत गुन्हे नोंदवले जाऊ लागले ते भारतीय न्याय संहितेखाली. १८६० ची भारतीय दंड संहिता मागे पडली. खुनाच्या शिक्षेचं कलम ३०२ होतं, ते १०३ झालं. फसवणुकीचं ४२० गेलं आणि ३१८ आलं. ५११ कलमांच्या जागी ३५८ कलमं आली. सोबत फौजदारी प्रक्रिया आणि पुराव्याचे कायदेही बदलले.

कायद्याच्या कुठल्याही महाविद्यालयासाठी ही मोठीच उलथापालथ. पण मुंबईत चर्चगेटच्या या इमारतीत, शासकीय विधी महाविद्यालयात, तिला आणखी एक पदर आहे. हे महाविद्यालय १८५५ चं. आशियातलं सर्वांत जुनं विधी महाविद्यालय अशी त्याची ओळख आहे. मुंबई विद्यापीठाहून ते दोन वर्षांनी मोठं, मुंबई उच्च न्यायालयाहून सात वर्षांनी, आणि दंड संहितेहून पाच वर्षांनी. संहिता लागू झाली तेव्हा इथे वर्ग भरत होते. ती गेली तेव्हाही भरत होते.

[दृश्य: वाचनालयातलं टेबल. जुन्या संहितेची कडा झिजलेली प्रत, शेजारी नवी, पेन्सिलने खुणा केलेली.]

या टेबलावर जरा थांबू या. नव्या पुस्तकाच्या समासात पेन्सिलने जुने आकडे लिहिलेत. १०१ समोर ३००. १०३ समोर ३०२. ही नुसती घोकंपट्टी नाही. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्याचा खटला जुन्याच संहितेखाली चालतो. त्यामुळे आज फौजदारी कायदा शिकणाऱ्याला पुढची कित्येक वर्षं दोन्ही पुस्तकं जवळ ठेवावी लागणार. सकाळी एका खटल्यात ३०२ आणि दुपारी दुसऱ्यात १०३, असं त्याचं कामकाज असेल.

आता समोरच्या ओव्हल मैदानापलीकडे, एका वकिलाच्या चेंबरमध्ये चला. तीस वर्षं फौजदारी वकिली केलेला माणूस तिथे बसलाय. कलमं त्याच्या जिभेवर आहेत, पण ती जुनी. त्यालाही नवं पुस्तक उघडावं लागलं आहे. कलमाचा आकडा ज्युनिअरला आधी आठवतो, आणि ते कलम साक्षीपुराव्यात कसं टिकतं किंवा कसं कोसळतं हे सीनिअरला ठाऊक असतं. आजी आणि माजी विद्यार्थी एकाच धड्यावर आहेत, अशी वेळ वकिलीत क्वचित येते. माजी विद्यार्थ्यांशी पुन्हा नातं जोडण्याची याहून चांगली संधी कोणती? म्हणूनच या वर्षाची गोष्ट त्या नात्याच्या अंगाने सांगायची आहे.

[दृश्य: ओव्हल मैदान. क्रिकेटचे डाव. मागे राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालय.]

हे महाविद्यालय सुरू झालं तेच मुळी कोर्टाच्या अंगणात. सर अर्स्किन पेरी हे मुंबईच्या तत्कालीन सुप्रीम कोर्टाचे सरन्यायाधीश. ते निवृत्त झाले तेव्हा शहरातल्या लोकांनी त्यांच्या नावे निधी जमवला आणि त्यातून न्यायशास्त्राचं एक अध्यापकपद निर्माण झालं. एल्फिन्स्टन संस्थेत व्याख्यानं सुरू झाली. पुढे उच्च न्यायालयाची आजची इमारत १८७८ मध्ये पूर्ण झाली, आणि कोर्ट व कॉलेज यांच्यामध्ये पायी जाण्याइतकंच अंतर उरलं.

या अंतराने फार मोठं काम केलं. कोर्टात वकिली करायची आणि त्याआधी किंवा त्यानंतर कॉलेजात तास घ्यायचा, हे इथल्या पिढ्यांनी केलं. १९२० च्या दशकात महमदअली करीम छागला इथे शिकवत होते, पुढे ते उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झाले. १९४९ ते १९५२ या काळात यशवंतराव चंद्रचूड इथे अर्धवेळ प्राध्यापक होते. ते स्वतः पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयाचे, पण इथे शिकवायला आले, आणि नंतर देशाचे सरन्यायाधीश झाले.

[दृश्य: डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं छायाचित्र.]

आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९२८ मध्ये ते इथे शिकवू लागले, १९३५ मध्ये प्राचार्य झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी धर्मांतराची येवल्याची घोषणा केली. १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. देशाच्या सामाजिक इतिहासातल्या एवढ्या मोठ्या घडामोडींच्या मध्यावर उभा असलेला हा माणूस विद्यार्थ्यांच्या अभ्यासक्रमाचाही विचार करत होता. विधी शिक्षणाच्या सुधारणेवर त्यांनी महाविद्यालयाच्या नियतकालिकात १९३६ मध्ये लेख लिहिला. वकिलाला कलमं माहीत असून भागत नाही. कायद्याची मूलतत्त्वं, त्यामागचं व्यापक ज्ञान, आणि आपला मुद्दा नीट लावून, स्पष्ट शब्दांत मांडण्याची तयारी हवी, असा त्यांचा आग्रह होता. आज बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम, अभिरूप न्यायालयं म्हणजे सरावासाठी भरवलेली लुटुपुटूची कोर्टं, विधी सहाय्याची केंद्रं हे सगळं आपण गृहीत धरतो. त्या लेखातली तळमळ वाचली की यातलं काहीही गृहीत धरावंसं वाटत नाही.

[दृश्य: अभिरूप न्यायालय. एक विद्यार्थिनी उभी राहून युक्तिवाद करते आहे.]

ही मुलगी दोन मिनिटांपासून एकाच प्रश्नावर अडली आहे. समोर न्यायाधीशाच्या खुर्चीत बसलेले वकील तिला सोडत नाहीत. "ठीक आहे, निवाडा आहे. पण वस्तुस्थिती तीच आहे का?" ती कागद चाळते. मग कागद खाली ठेवते आणि बोलू लागते. परीक्षेच्या पेपरातून हे शिकता येत नाही. कोर्टात उभं राहिलेल्या माणसाने समोर बसून विचारलं, तरच ते येतं.

इथल्या माजी विद्यार्थ्यांची नावं घ्यायला लागलो तर वेळ पुरणार नाही. एकच खटला सांगते. केशवानंद भारती विरुद्ध केरळ राज्य. सर्वोच्च न्यायालयाच्या १३ न्यायाधीशांचं पीठ, ६८ दिवसांची सुनावणी, २४ एप्रिल १९७३ चा निकाल, तोही ७ विरुद्ध ६. संविधानाची मूलभूत चौकट संसदेलाही मोडता येणार नाही, हे तत्त्व त्यातून आलं. याचिकाकर्त्यांच्या बाजूने नानी पालखीवाला, त्यांच्या सोबत फली नरिमन आणि सोली सोराबजी. केरळ राज्याच्या बाजूने महाराष्ट्राचे तेव्हाचे महाधिवक्ते होरमसजी सीरवाई. हे चौघेही याच महाविद्यालयाचे. एकमेकांच्या विरोधात उभे राहिले आणि दोन्ही बाजूंनी जीव तोडून मांडणी झाली. न्यायमूर्ती पी. एन. भगवतीही इथलेच. गरिबाच्या साध्या पत्राची याचिका म्हणून दखल घेण्याची वाट ज्यांनी रुंद केली, ते भगवती.

अशी नावं भिंतीवर लागतात आणि ती लागायलाच हवीत. पण नातं जोडायचं म्हणजे एवढंच का?

[दृश्य: तालुका न्यायालय. बाहेर बोर्ड बघणारी गर्दी. शिपायाचा पुकारा.]

इथून शिकून वकिलीची सनद, म्हणजे परवाना, घेतलेले सगळेच काही दिल्लीला जात नाहीत. पुष्कळ जण गावाकडे परततात. वाटपाचा दावा घ्या. समोर सातबारा, आठ-अ, तीन पिढ्यांची वंशावळ, आणि कुणा आजोबांच्या मृत्यूनंतर बहिणींची नावं गाळून झालेला एक फेरफार, म्हणजे जमिनीच्या मालकीतल्या बदलाची नोंद. कैफियत मराठीत, साक्ष मराठीत, उलटतपासणी मराठीत. वर्गात इंग्रजीतून निवाडे वाचलेल्या मुलाला पहिले सहा महिने इथे काही कळत नाही. जो हे रोज करतो, त्या वकिलाने महाविद्यालयात येऊन एक फेरफार फळ्यावर उलगडून दाखवला, तर त्याचं मोल एखाद्या मोठ्या व्याख्यानापेक्षा कमी नाही. माझ्या मते तर जास्तच आहे.

जुलै २०२४ पासूनच्या वर्षभराने या माणसांना बोलावण्याची निकड वाढवली आहे.

३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सनदेच्या शुल्काचा निकाल दिला. अधिवक्ता अधिनियमात लिहिलंय तेवढंच घ्या : सर्वसाधारण प्रवर्गाकडून ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांकडून १२५. त्याआधी वेगवेगळ्या राज्यांत हजारो रुपये मोजावे लागत. ज्या घरातलं पहिलंच मूल वकील होत होतं, त्या घराला ही रक्कम जड जायची. तो अडसर गेला.

पण सनदेनंतरची पहिली काही वर्षं सर्वांत कठीण. ज्युनिअरला हातात काय मिळतं, हे या व्यवसायात सगळ्यांना माहीत असतं आणि फारसं कुणी बोलत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात भारतीय वकील परिषदेने शिफारस केली की ज्युनिअरला शहरात महिन्याला किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत. शिफारसच आहे, सक्ती नाही. म्हणजे ती पाळली जाणं सीनिअरच्या मनावर आहे. आणि सीनिअर कोण? कालचा विद्यार्थीच.

[दृश्य: अभ्यासिका. न्यायाधीश पदाच्या परीक्षेची तयारी करणारी मुलं.]

मग २० मे २०२५ चा निकाल. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा आणली. पदवी हातात पडताच परीक्षेला बसायचं ठरवलेल्या मुलामुलींचं वेळापत्रक एका दिवसात बदललं. काहींच्या घरी त्या संध्याकाळी काय बोलणं झालं असेल, याची कल्पना करवते. विशेषतः मुलींच्या घरी, जिथे "परीक्षा होऊ दे, मग लग्नाचं बघू" एवढ्या सवलतीवर सगळं उभं असतं.

या अटीच्या बाजूनेही बोलण्यासारखं खूप आहे. ज्याने कधी तारीख मागितली नाही, त्याने तारीख देणाऱ्याच्या खुर्चीत बसू नये, हे मला पटतं. पण ती तीन वर्षं कुठे काढायची? निकालात असंही म्हटलंय की या अनुभवाचं प्रमाणपत्र किमान दहा वर्षं वकिली केलेला वकील देऊ शकेल आणि त्यावर न्यायिक अधिकाऱ्याची मोहोर लागेल. म्हणजे प्रत्येक होतकरू न्यायाधीशाला आता एक चेंबर लागणार, दहा वर्षांच्या वर उभा असलेला एक सीनिअर लागणार. ज्याच्या घरात वकील आहे, त्याला तो मिळेल. ज्याच्या नाही, त्याच्यासाठी महाविद्यालयानेच तो शोधायला हवा, आणि तो माजी विद्यार्थ्यांतच सापडणार आहे.

[दृश्य: कोल्हापूर. न्यायालयाची इमारत, काळे कोट, पेढ्यांचे बॉक्स.]

१८ ऑगस्ट २०२५. कोल्हापुरात उच्च न्यायालयाच्या फिरत्या खंडपीठाचं कामकाज सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, हे सहा जिल्हे. या मागणीसाठी वकिलांनी चार दशकांहून अधिक काळ लढा दिला. आजवर इकडचा पक्षकार रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसायचा, सकाळी मुंबईत उतरायचा, आणि त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीत, म्हणजे बोर्डावर, आपलं प्रकरण आलंच नाही तर संध्याकाळी परत फिरायचा. आता मुंबईत वकिली करणाऱ्या कोल्हापूर-कोकणच्या माजी विद्यार्थ्यांपुढे परत जाण्याचा खरा पर्याय आहे. आणि आज शिकणाऱ्या तिकडच्या मुलांना तिथे सीनिअर लागणार आहेत.

[दृश्य: वांद्रे पूर्व. शासकीय वसाहतीचा परिसर. पत्र्याचं कुंपण.]

इकडे मुंबईत, वांद्रे पूर्वेला, उच्च न्यायालयाचं नवं संकुल होणार आहे. २०२४ मध्ये भूमिपूजन झालं. जुन्या इमारतीत जागा पुरत नाही हे खरंच आहे. पण या स्थलांतराचा महाविद्यालयावर काय परिणाम होईल, याची चर्चा आत्तापासून व्हायला हवी. आज उच्च न्यायालयातला वकील ओव्हल ओलांडून दहा-पंधरा मिनिटांत वर्गात येऊ शकतो. विद्यार्थी सकाळचे तास संपवून अकराच्या सुमारास कोर्टात हजर होतो. कोर्ट वांद्र्याला गेलं की मधे लोकल येईल, गर्दी येईल. दीडशे वर्षं जे नातं जवळ असण्याच्या आधारावर आपोआप टिकलं, ते यापुढे ठरवून टिकवावं लागेल.

ठरवून म्हणजे काय, तेही स्पष्ट सांगते. प्रत्येक माजी विद्यार्थ्याची एक नोंद हवी : नाव, उत्तीर्ण झाल्याचं वर्ष, कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या न्यायालयात, कोणत्या प्रकारची कामं. वर्षातून एकदा फुलं आणि भाषणं होतात, ती होऊ द्यात. पण त्याच दिवशी प्रत्येक पाहुण्याकडून एका सकाळचा तास मागून घ्यावा. फौजदारीवाल्याने नवी संहिता प्रत्यक्षात कशी चालते ते सांगावं. महसूलवाल्याने फेरफार शिकवावा. जे न्यायाधीश होऊन निवृत्त झाले, त्यांनी अभिरूप न्यायालयात बसावं आणि त्या मुलीला अडवलं तसं अडवावं. मेळावा मुंबईतच कशाला? एक कोल्हापुरात व्हावा, एक रत्नागिरीत.

आणि तुम्ही जर इथून शिकून गेला असाल, तुमच्या सनदेला दहा वर्षं झाली असतील, आणि चेंबरमध्ये एका टेबलापुरती जागा असेल, तर महाविद्यालयाला तसं कळवा. शेवटच्या वर्षाचा निकाल लागण्याआधी कळवा, कारण मुलं त्याच आठवड्यात ठरवतात, वकिलीत थांबायचं की नाही ते. किती मानधन देऊ शकाल तेही सांगा. गावाचं नाव सांगा. त्या तालुक्यातला एखादा विद्यार्थी वर्गात नक्की बसलेला असेल.