साडेतीनचा खेळाडू

नमस्कार मंडळी.

आज इथे बसलेल्यांपैकी बरेच जण शनिवार-रविवारी सकाळी टेनिसची रॅकेट घेऊन घराबाहेर पडतात. काही जण लहानपणी पुण्या-मुंबईच्या मातीच्या कोर्टवर खेळलेले आहेत, तर काहींनी चाळिशी गाठल्यावर, इथे अमेरिकेत, पहिल्यांदा रॅकेट हातात धरली. लीगमध्ये नाव घालायला गेलं की दोघांनाही एकच प्रश्न विचारतात: तुमचं रेटिंग काय? खेळाची पातळी सांगणाऱ्या या आकड्यावरून आपल्यात चर्चा खूप होते, रुसवेफुगवेही होतात, पण तो ठरतो कसा हे नीट ठाऊक असलेले फार थोडे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. रेटिंग जितकं आपलं असतं, तितकंच ते नेटच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाचं असतं. ही गोष्ट पटली की बाकीचं गणित समजायला सोपं जातं.

सत्तरच्या दशकात अमेरिकेत टेनिसची मोठी लाट आली. लाखो माणसं नव्याने खेळायला लागली. हौशी खेळाडूची पंचाईत एकच असते, आपल्या तोडीचा भिडू कुठे शोधायचा? एकाने दुसऱ्याला दोन्ही सेटमध्ये भोपळा द्यावा, यात हरणाऱ्याला काही मिळत नाही आणि जिंकणाऱ्यालाही मिळत नाही. या गरजेतून त्या दशकाच्या शेवटी नॅशनल टेनिस रेटिंग प्रोग्रॅम, म्हणजे एनटीआरपी, आकाराला आला. त्याच्या आधारावर युनायटेड स्टेट्स टेनिस असोसिएशनने, आपल्या यूएसटीएने, १९८० मध्ये प्रौढांची लीग सुरू केली. आज तिच्यात पुरुषांच्या, बायकांच्या आणि मिक्स्ड टीम आहेत, अठरा वर्षांच्या पुढे, चाळीसच्या पुढे, पंचावन्नच्या पुढे असे वयोगट आहेत.

पट्टी एकपासून सातपर्यंत, अर्ध्या-अर्ध्या पायरीने चढत जाते. सात म्हणजे जागतिक दर्जाचे व्यावसायिक खेळाडू. आपण सगळे साधारण अडीच ते साडेचार या पट्ट्यात वावरतो. प्रत्येक पायरीचं वर्णन लिहून ठेवलेलं आहे आणि ते मुळातून वाचण्यासारखं आहे. तीनच्या खेळाडूचा मध्यम वेगाच्या चेंडूवर बऱ्यापैकी हात बसलेला असतो, पण चेंडू हवा तिकडे, हवा तितका खोल, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेघेजवळ, घालायला गेला की गडबड होते. डबल्समध्ये एक पुढे, एक मागे अशी जोडी उभी राहते आणि बहुतेक वेळ तशीच राहते. साडेतीनला दिशा सापडलेली असते, पण खोली आणि विविधता अजून आलेली नसते. चारला दोन्ही बाजूंनी खोली येते, उंच उडवलेला लॉब, टप्पा पडण्याआधीच मारलेली व्हॉली, डोक्यावरून मारलेला ओव्हरहेड हे सगळं कामाला येतं आणि रॅली हातची जाते ती बहुधा उतावीळपणामुळे.

साडेतीन आणि चारमधला फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर खेळाडूकडे बघू नका, चेंडू कुठे टप्पा घेतो ते बघा. साडेतीनचा क्रॉसकोर्ट, म्हणजे तिरपा मारलेला फोरहँड सर्व्हिस लाइनच्या, नेट आणि मागची रेघ यांच्या साधारण मधल्या रेघेच्या, जरा पुढे-मागे पडतो. समोरचा दोन पावलं आत येतो, चेंडू कमरेच्या उंचीवर घेतो, हवं ते करतो. चारचा तोच फटका, जवळजवळ तेवढ्याच वेगाचा, बेसलाइनच्या, म्हणजे मागच्या रेघेच्या, अलीकडे हात-दोन हातांवर पडतो. आता समोरच्याला मागे सरकावं लागतं, चेंडू खांद्याशी येतो आणि परतीचा फटका आखूड होतो. पॉइंट तिथेच फिरतो. बघणाऱ्याला वाटतं दोघंही सारखंच मारताहेत.

एके काळी हे सगळं डोळ्यांनीच जोखलं जायचं. प्रशिक्षित परीक्षक कोर्टच्या कडेला उभे राहून खेळ बघायचे आणि पायरी ठरवायचे. आता ते काम संगणक करतो. आणि संगणक काय करतो, हाच आजच्या बोलण्याचा गाभा आहे.

तुमच्या प्रोफाइलवर ३.५ एवढंच दिसतं. आत मात्र शंभराव्या भागापर्यंतचा आकडा असतो, आणि तो प्रत्येक सामन्यानंतर हलतो. साडेतीनचा खेळाडू म्हणजे ३.०१ ते ३.५० यांमधला कोणीही. म्हणजे नावातला आकडा हे त्या पायरीचं छत आहे, जमीन नाही. या पायरीच्या तळाला असलेला आणि छताला टेकलेला यांचा सामना झाला, तर निकाल ६-०, ६-० लागणं अपेक्षित आहे, असं खुद्द यूएसटीएचंच स्पष्टीकरण आहे. ‘तो कसला साडेतीन, सरळ सरळ चार आहे,’ ही तक्रार करण्याआधी हे आठवावं. पायरी एक असली तरी ती चांगली रुंद आहे.

आता सामन्याचं गणित. पूर्ण सूत्र जाहीर केलेलं नाही, पण तत्त्व स्पष्ट आहे. दोघांच्या रेटिंगमधल्या अंतरावरून अपेक्षित स्कोअर निघतो, आणि प्रत्यक्ष स्कोअर त्याच्याशी ताडून बघितला जातो. समजा एक जण ३.४० आहे, दुसरा ३.१०. पहिल्याने ६-२, ६-२ असं काहीसं जिंकावं ही अपेक्षा धरू. प्रत्यक्षात तो ६-४, ७-५ असा जिंकला. निकालपत्रावर तो विजयी. पण अपेक्षेपेक्षा पाच गेम जास्त देऊन बसला, म्हणून या सामन्यापुरतं त्याचं रेटिंग खाली येतं आणि हरलेल्याचं वर जातं. मग हा नवा आकडा मागच्या काही सामन्यांच्या आकड्यांत मिसळून सरासरी काढतात, त्यामुळे एखाद्या वाईट सकाळीने फार बिघडत नाही.

बुद्धिबळ खेळणाऱ्यांना यात ओळखीचं काही दिसेल. अर्पाद इलो हे हंगेरीत जन्मलेले, अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. त्यांची पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने १९६० मध्ये आणि जागतिक संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. तिथेही अपेक्षा आणि निकाल यांतला फरकच मोजतात. पण बुद्धिबळात डाव जिंकला, हरला किंवा बरोबरीत सुटला, एवढीच माहिती हाती येते. टेनिसमध्ये गेम मोजता येतात, म्हणून एकाच सामन्यातून कितीतरी जास्त कळतं. माझ्या टीममधल्यांना मी हे पुन्हा पुन्हा सांगतो. १-५ ने मागे आहात, सेट गेल्यात जमा आहे, तरी पुढचा गेम खेळा. ३-६ आणि १-६ यांत फरक आहे, आणि तो नोंदला जातो. मला ही पद्धत मनापासून आवडते, कारण ती हरणाऱ्याच्या मेहनतीची दखल घेते. हरलेल्या माणसाला ‘आज तू वर गेलास’ असं हिशेबाने दाखवून देणारी व्यवस्था खेळात फारशी सापडत नाही.

डबल्सचं काय? तिथे दोघांच्या रेटिंगची बेरीज समोरच्या बेरजेशी ताडतात आणि निकालानंतर दोघंही सारख्याच मापाने वर किंवा खाली सरकतात. जोडीदारांमधलं अंतर कायम राहतं. ‘तिच्या चुकांमुळे माझं रेटिंग पडलं’ हे गाऱ्हाणं मी खूप ऐकतो. जोडीदार कमी रेटिंगचा असेल तर अपेक्षाही तेवढीच खाली धरलेली असते, हे विसरू नका. कोणी किती चांगलं खेळलं ते संगणकाला दिसत नाही, ही या पद्धतीची खरी मर्यादा आहे. पण ती दोघांनाही सारखीच लागू होते.

ज्याला अजून रेटिंगच नाही, त्याने प्रश्नावली भरून स्वतःची पायरी ठरवायची. नावापुढे ‘एस’ लागतो, म्हणजे सेल्फ-रेटेड. इथे मला आपल्या मंडळींशी कळकळीने बोलायचंय. प्रश्नावलीत आधी कुठे, कोणत्या स्तरावर खेळलात हे विचारतात. कोणी कॉलेजात असताना विद्यापीठाकडून खेळलेला असतो, कोणी ज्युनियर गटात राज्य पातळीवर. ‘वीस वर्षं झाली, शिवाय ते भारतात, इथे कोणाला कळणार?’ म्हणून तो तीन टाकतो. कधी कॅप्टनच टाकायला लावतो, कारण त्याला टीम पुढच्या फेरीत न्यायची असते. मग एका शनिवारी अडीचवरून नुकतीच वर चढलेली एखादी बाई, जिने या सामन्यासाठी पहाटे उठून सर्व्हचा सराव केलाय, ती चाळीस मिनिटांत एकही गेम न मिळवता घरी जाते. तिला वाटतं आपल्यालाच जमत नाही. खरं तर तिची शनिवारची सकाळ कोणीतरी लुबाडलेली असते. माझ्या लेखी ही फसवणूकच आहे.

यावर यूएसटीएचा इलाज आहे तो तीन स्ट्राइकचा. असा खेळाडू पायरीच्या मर्यादेपेक्षा स्पष्टपणे वर खेळतोय असं गणितात तीनदा दिसलं की तो त्या पायरीवरून बाद होतो, आणि त्याने जिंकलेले सामनेही उलटवले जाऊ शकतात. भोगते पूर्ण टीम. काही जण यातूनही पळवाट काढतात. सेट सहज जिंकता येत असताना मुद्दाम चार-चार गेम सोडतात, म्हणजे स्कोअर अटीतटीचा दिसावा. संगणकाला ते ओळखता येत नाही. टीममधल्यांना मात्र नक्की कळतं, आणि तिथे कॅप्टनने बोललंच पाहिजे.

याच कारणासाठी आतला आकडा उघड करत नाहीत, असं समर्थन केलं जातं. आकडा दिसला तर लोक तो सांभाळण्यासाठी सामने टाळतील. मला हे पुरतं पटत नाही. ज्याला लबाडी करायची आहे तो निकालांवरून अंदाज बांधतोच, तसे अंदाज देणाऱ्या वेबसाइटही आहेत. अंधारात राहतो तो सरळ खेळणारा. ३.०५ वर असलेल्याला आपण पायरीच्या तळाशी आहोत हे कळलं, तर सहा सामने ओळीने हरूनही तो रॅकेट खुंटीला टांगणार नाही.

युनिव्हर्सल टेनिस रेटिंग, म्हणजे यूटीआर, याबाबत मोकळं आहे. दशांशासकट आकडा मिळतो, १ पासून १६.५० पर्यंत, आणि वय किंवा स्त्री-पुरुष असा भेद न करता सगळे एकाच पट्टीवर. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाचा वर्ल्ड टेनिस नंबर उलटा चालतो, ४० पासून खाली १ पर्यंत. दोन्ही उपयोगी आहेत, पण आपल्या लीगमध्ये कोणत्या टीममधून खेळायचं ते अजून एनटीआरपीच ठरवतं.

वर्षाचा हिशेब नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला लागतो. त्या दिवशी टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळपासून मेसेजचा पाऊस असतो. कोणी वर गेलं, कोणी तिथेच, कोणी खाली. वर गेलेल्यांचं अभिनंदन होतं आणि लगेच लक्षात येतं की पुढच्या मोसमात ही टीम एकत्र खेळू शकणार नाही. वर्षानुवर्षं एकाच गाडीतून सामन्याला जाणारे मित्र वेगवेगळ्या पायऱ्यांवर जातात. मिक्स्डमध्ये जोडीच्या रेटिंगची बेरीज चालते, तीन आणि चार मिळून सात, तशी सोय अशा टीमला नाही. हे दुःख खरं आहे. तरी टीम टिकावी म्हणून कोणाला खाली अडवून धरणं मला मान्य नाही. वर गेलेला पहिलं वर्ष बहुधा मार खातो, आणि त्या वर्षी त्याला जुन्या टीमने सरावाला बोलवत राहावं, एवढं आपल्या हातात आहे.

नव्याने नाव घालणाऱ्यांनी प्रश्नावली भरताना भारतातला खेळही लिहा, आणि दोन पायऱ्यांमध्ये मन अडकलं तर वरची निवडा. संगणकाने दिलेली पायरी पटली नाही तर ऑनलाइन अपील करता येतं. आतला आकडा सीमारेषेच्या अगदी जवळ असेल तरच ते मंजूर होतं, आणि उत्तर तिथल्या तिथे मिळतं. दुखापत किंवा शस्त्रक्रिया झाली असेल तर वैद्यकीय अपील वेगळं असतं, त्याला कागदपत्रं लागतात आणि वेळही लागतो. तेव्हा मोसम सुरू व्हायची वाट न बघता ते आधीच करून टाका.