भट्टीचा तळ तापला का?

नमस्कार श्रोतेहो. आज विटांच्या घरगुती भट्टीतला पिझ्झा. पीठ मळणं, फुगवणं तुम्हाला येतंच, त्यात मी शिरत नाही. प्रश्न एकच घेऊ. पिझ्झा वरून करपतो आणि खालून लिबलिबीत राहतो, असं का?

उत्तर आधीच सांगून टाकतो. वरची बाजू भाजतात ज्वाळा, खालची भाजतो तळ. कुरकुरीत हवा असेल तर तळ तापवा.

आता आमच्या मेव्हण्यांची गोष्ट. त्यांनी मागच्या अंगणात भट्टी बांधून घेतली. वर घुमट, खाली फायरब्रिकचा, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या विटांचा तळ. काही दिवस हलका जाळ देऊन विटांमधलं पाणीही सावकाश काढलं. ते केलं नाही तर घुमटाला तडे जातात. मग सगळं गणगोत बोलावलं. नव्या भट्टीवर पहिल्याच दिवशी पाहुणे बोलावू नयेत असं माझं ठाम मत आहे. नव्या गाडीचंही तेच, पण ते राहू द्या.

तर जाळ असा पेटला की काजळी जळून घुमटाच्या विटा पांढऱ्या पडल्या. मेव्हणे खूश. पिझ्झा आत गेला, बघता बघता चीज काळं. बाहेर काढला तर फळीवरून मधोमध लोंबतोय! त्यांनी आणखी लाकडं सारली. ताई म्हणाली, "अहो, जाळ कमी करा." हे म्हणतात, "जाळ कमी केला तर भाजणार कसा?"

तेवढ्यात भट्टी बांधणारे गवंडीकाका आले, उरलेले पैसे न्यायला. पिझ्झा त्यांनी उभ्या जन्मात केलेला नव्हता. आत डोकावले, परातीतलं चिमूटभर कोरडं पीठ घेतलं आणि तळावर भिरकावलं. आम्ही सगळे वाकून बघतोय. पीठ पांढरं ते पांढरंच.

"साहेब, छत तापलंय, जमीन गार आहे."

मग त्यांनीच फावडं घेतलं, निखारे ओढून तळभर पसरले आणि खुर्ची घेऊन निवांत बसले. पाहुण्यांची चुळबुळ चालू, काका ढिम्म. अर्ध्या तासाने निखारे एका कडेला सारले, तळ झाडला, जरा थांबून पुन्हा चिमूट टाकली. आता पीठ हळूहळू तांबूस झालं. पुढचा पिझ्झा चौथ्या मिनिटाला बाहेर आला. काकांनी तो उलटा करून नखाने वाजवून दाखवला, टकटक! मेव्हण्यांनी पैसे तिथल्या तिथे चुकते केले.

तर ही चिमटीची खूण लक्षात ठेवा. पीठ पांढरंच राहिलं तर तळ गार. काही सेकंदांत तांबूस झालं तर बरोबर. पडताक्षणी काळं झालं तर थांबा. थर्मामीटर असेल तर तळ 300 ते 350 अंश सेल्सिअस आणि वेळ तीन ते पाच मिनिटं. इटलीतल्या नेपल्सच्या भट्ट्या याहून तापतात, पिझ्झा 60 ते 90 सेकंदांत होतो, पण तो मऊ असतो, घडी घालून खाण्याजोगा. त्या आकड्यांच्या मागे लागलात तर कुरकुरीत होणार नाही. बेसमधलं पाणी उडायला वेळ मिळायला हवा.

लाकूड वाळलेलं हवं, सॉस घट्ट हवा, ताजं चीज निथळून घ्या. आणि वर पसरायचं ते थोडंच. ढीग रचायची हौस असेल त्यांनी सॅलड करावं.

दर पिझ्झा तळातली उष्णता ओढून घेतो, त्यामुळे दोन-तीन झाले की पुढचा मऊ पडतो. निखारे पुन्हा तळावर पसरा, थांबा, झाडा, चिमूट टाका. तळ तापला का ते दर वेळी बघा.

आणि भट्टीतून काढलेला पिझ्झा थेट ताटात नको, खाली वाफ धरते. दोन मिनिटं जाळीवर ठेवा. फोटो काढायचाच असेल तर तेवढ्यात उरकून घ्या.