शैवालातील कॅराजिनन आणि त्याचे वाढवलेले गुण

रामेश्वरम आणि मंडपमच्या उथळ समुद्रात तीन मीटर लांबीरुंदीच्या बांबूच्या तराफ्यांना दोऱ्यांनी बांधून वाढवलेले कॅप्पाफायकस हे शैवाल सुमारे ४५ दिवसांत काढणीला येते. त्याच्या लागवडीचे तंत्र भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने भारतात रुजवले. वाळवलेल्या शैवालातून निघणारे कॅराजिनन आइस्क्रीमला आणि चॉकलेट दुधाला दाटपणा देते. अन्न टिकवण्याच्या कामी मात्र ते मूळ स्वरूपात फारसे उपयोगी पडत नाही.

कॅराजिनन म्हणजे गॅलॅक्टोज शर्करेची लांबलचक साखळी. तिच्यावरील सल्फेट गटांमुळे रेणूवर ऋणभार असतो आणि जिवाणूंच्या पृष्ठभागावरही ऋणभारच असल्याने दोघांची गाठ पडणे अवघड होते. यावर उपाय म्हणून साखळीच्या मोकळ्या हायड्रॉक्सिल गटांवर धनभारित चतुर्थक अमोनियम गट (नायट्रोजनला चार कार्बनी गट जोडलेली रचना) बसवतात; ते जिवाणूच्या पटलाला चिकटून त्याला भगदाड पाडतात आणि पेशीतील द्रव्ये बाहेर झिरपू लागतात.

अन्न खवट करणारे ऑक्सिडीकरण रोखण्याची वाट निराळी आहे. हायड्रोजन पेरॉक्साइडने साखळीचे तुकडे केले की नव्याने उघडी पडलेली टोके मुक्तमूलकांशी, म्हणजे ऑक्सिडीकरण पुढे नेणाऱ्या अतिक्रियाशील कणांशी, अधिक सहजपणे अभिक्रिया करतात. आवळ्यात आणि हिरड्यात आढळणारे गॅलिक आम्ल साखळीला जोडले तर परिणाम आणखी ठळक होतो, कारण त्याच्या कड्यावरील तीन हायड्रॉक्सिल गट मुक्तमूलकांना हायड्रोजन पुरवतात.

ही क्षमता मोजण्यासाठी डीपीपीएच या मुक्तमूलकाचे जांभळे द्रावण वापरतात. नमुना मिसळल्यावर ते फिकट होत पिवळसर होते आणि ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीवर ही घट मोजली जाते. चाचणी दिसायला सोपी आहे, पण तिच्या आकड्यांवर डोळे झाकून विसंबता येत नाही: डीपीपीएच बहुधा अल्कोहोलात विरघळवतात आणि त्याच अल्कोहोलात कॅराजिननचा साका बसतो, त्यामुळे द्रावण जरासे गढूळ झाले तरी मोजमाप फसते.

शिवाय प्रत्येक बदलाची किंमत मोजावी लागते. साखळी फार आखूड झाली की ती घट्ट जेल बांधत नाही, आणि मासळी किंवा फळे गुंडाळायचा पातळ पापुद्रा तिच्यापासून करणे कठीण होते. साखळीत आणखी एक बदल म्हणून कार्बोक्सिमिथाइल हा आम्लधर्मी गट जोडण्यासाठी वापरले जाणारे मोनोक्लोरोॲसिटिक आम्ल तर विषारी आहे; म्हणून अभिक्रियेनंतर अल्कोहोलने वारंवार धुऊन आणि पातळ पटलातून गाळून त्याचा उरलेला अंश काढून टाकल्याशिवाय तो पदार्थ अन्नाजवळ नेता येत नाही.