'क्लिशे' जन्मला छापखान्यात

नमस्कार मंडळी! कोल्हापूरचं वर्णन चार शब्दांत करा म्हटलं की काय येतं? रांगडी माणसं, तांबडा-पांढरा, रंकाळ्याची संध्याकाळ आणि वर 'जगात भारी, कोल्हापुरी'. यातलं खोटं काय आहे? काहीच नाही. तरी ऐकणारा निम्म्यातच मोबाईल काढतो. वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या अशा बोलण्याला म्हणतात 'क्लिशे'.

शब्द फ्रेंच. पूर्वी छपाईसाठी एकेक खिळा, म्हणजे धातूचं सुटं अक्षर, जुळवून पान उभं करायचे. छापून झालं की खिळे सुटे करून परत कप्प्यांत. तेच पुस्तक पुन्हा काढायचं? मग बसा परत जुळवत! यावर तोड निघाली. जुळवलेल्या पानाचा साचा घ्यायचा, त्यात वितळलेला धातू ओतायचा, की अख्ख्या पानाची एकसंध प्लेट तयार. खिळे मोकळे झाले, आणि प्लेट पाहिजे तेव्हा छपाईला हजर. ही प्लेट म्हणजे क्लिशे. साचा धातूवर आपटताना होणाऱ्या आवाजावरून हे नाव पडलं, असं सांगतात.

याच पद्धतीला पॅरिसचे मुद्रक फर्मिन दिदो यांनी 18व्या शतकाच्या अखेरीस नाव दिलं 'स्टिरिओटाइप'. म्हणजे दोघं एकाच घरातले! माणसांबद्दलच्या ठोकळेबाज समजुतींना हा शब्द चिकटला तो अमेरिकन पत्रकार वॉल्टर लिपमन यांच्यामुळे, 1922 साली. आपला 'साचेबद्ध'सुद्धा साच्यातूनच आलाय की.

आता खिळे गेले, पण फ्लेक्सच्या दुकानात जाऊन बघा. फाइल तयार असते. 'युवकांचे प्रेरणास्थान' तसंच ठेवायचं, गॉगलवाला फोटो बदलायचा, नाव बदलायचं, खाली शुभेच्छुकांची रांग लावायची. झाला साहेबांचा वाढदिवस! याला मी अस्सल क्लिशे म्हणेन, अगदी मूळ अर्थानं.

'कधीही न भरून निघणारी पोकळी' याची मात्र मी चेष्टा करत नाही. ज्याच्या घरात मयत झालीय, त्यानं काय नवीन शब्द शोधत बसायचं? तयार वाक्य तिथं उपयोगी पडतं. बातमीदाराला ही सवलत नाही. दर अपघाताखाली 'सर्वत्र हळहळ व्यक्त होत आहे'. अरे भावा, हळहळतंय कोण? गल्लीतलं कोण काय बोललं, ते लिही की!

तुमच्या डोक्यात जाणारा क्लिशे कमेंटमध्ये टाका. फक्त 'नाद खुळा' सोडून. त्याला हात लावायचा नाही.