बाबा आहेत, पण फादर इज

नमस्कार श्रोतेहो.

सांगलीत मी संध्याकाळी इंग्रजी शिकवते. मार्केट यार्डात हिशेब लिहिणारी मंडळी येतात, मिरजेत नर्सिंग शिकणाऱ्या मुली येतात, मुलांच्या शाळेत बाईंशी दोन वाक्यं बोलता यावीत म्हणून आयाही येतात. कर्ता आणि क्रियापद जुळवताना यातले बरेच जण एकाच ठिकाणी अडखळतात. तिथं त्यांची मराठी आडवी येते.

एका मुलीच्या वहीत वाक्य होतं, 'माय फादर आर अ फार्मर.' मी 'आर' खोडून 'इज' लिहिलं. तिनं मान हलवली, पण चेहरा काही खुलला नाही. "काय गं?" म्हटलं, तर हळूच म्हणाली, "मॅडम, इज म्हणजे 'आहे' ना? बाबांना 'आहे' कसं म्हणायचं?"

मला तिचं फार कौतुक वाटलं. आपण आदर क्रियापदात ठेवतो. बाबा एकच, पण ते 'येतात', 'जेवतात', 'रागावतात'. इंग्रजी क्रियापद मान बघत नाही, नुसतं मोजतं. बाबा एक, म्हणून फादर इज. कलेक्टरसाहेब आले तरी कलेक्टर इज. मान द्यायचा तो 'सर', 'प्लीज', 'मे आय' यांतून.

पण इंग्रजीतही एके काळी आपल्यासारखंच होतं बरं का. एकट्याला 'दाऊ', अनेकांना 'यू'. मग मोठ्या माणसाला मानानं 'यू' म्हणायला लागले, आणि पुढं रोजच्या बोलण्यातून 'दाऊ' जवळजवळ गेलाच. क्रियापद मात्र अनेकवचनीच राहिलं. म्हणून समोर एकटा माणूस असला तरी यू आर. अगदी आपलं 'तुम्ही आहात'! हे सांगितल्यावर ती मुलगी पहिल्यांदा हसली.

आता तो 'एस'. नामाला लागला की अनेकवचन, आणि क्रियापदाला लागला की एकवचन. द फार्मर वर्क्स, द फार्मर्स वर्क. शिवाय 'डझ' आला की एस त्याच्यातच गेला: माय मदर डझ नॉट गो. तिथं पुन्हा 'गोज' नको.

सगळ्यात फसवी जागा मात्र लांबच्या कर्त्याची. तासगावच्या 'बेदाण्यांची पेटी आली' असं आपण म्हणतो. बेदाणे कितीही असोत, 'आले' कुणी म्हणत नाही, कारण पेटी क्रियापदाला खेटून बसलेली असते. इंग्रजीत ती पुढं जाते आणि मधे बेदाणे घुसतात: द बॉक्स ऑफ रेझिन्स. रेझिन्स कानात घुमत असतात, तोंडून 'आर' निसटतं. तिथं थांबून विचारा, आलं काय? पेटी. मग द बॉक्स ऑफ रेझिन्स इज हिअर. 'वन ऑफ माय फ्रेंड्स'चंही तेच. मित्र पुष्कळ असतील, पण गोष्ट एकाची आहे, म्हणून इज.

एरवी ही जुळणी तुम्हाला कुणी शिकवायला नको. 'आंबा खाल्ला', 'पोळी खाल्ली', 'केळं खाल्लं' हे पाच वर्षांचं पोरही चुकत नाही. त्यापुढं इंग्रजीचा एक एस म्हणजे किती?

आज रात्री जेवताना घरातल्या एकेकाबद्दल एक वाक्य मोठ्यानं म्हणा. सुरुवात आजोबांपासून करा: ग्रँडफादर ड्रिंक्स टी. ते रागावणार नाहीत.