नाव एक, तारीख एक

नमस्कार श्रोतेहो.

आज पासपोर्टवर बोलायचंय, पण खरं म्हणजे पासपोर्टच्या आधीच्या कागदांवर. पूर्वी कोल्हापूरकराला पासपोर्टसाठी पुण्याची वाट धरावी लागायची. 2017 पासून देशभर पोस्टात पासपोर्टची केंद्रं निघाली आणि आता हे काम आपल्या गावातच होतं. ऑनलाइन अर्ज भरायचा, वेळ घ्यायची, मूळ कागद घेऊन जायचं. छत्तीस पानी, दहा वर्षांच्या पासपोर्टला 1500 रुपये फी. एवढं बहुतेकांना ठाऊक आहे. अडतं ते दुसरीकडंच. म्हणून आधीच सांगतो आणि पुन्हाही सांगेन: अर्ज भरण्याआधी घरातले सगळे कागद एका जागी काढा. नाव एकच आहे का बघा. जन्मतारीख एकच आहे का बघा.

आता आमच्या पेठेतल्या एका काकींची गोष्ट सांगतो. त्यांचं खरं नाव सांगत नाही, आपण सुमनकाकी म्हणू. लेक मस्कतला, तिचं बाळंतपण जवळ आलेलं. आईनं जायलाच पाहिजे. काकींनी आधार कार्ड काढलं, तर त्यावर नुसतं जन्माचं साल, 1960. तारीख नाही, महिना नाही. मतदार कार्डावरच्या वयाचा हिशेब केला तर साल तिसरंच निघालं. जन्माचा दाखला असायचा प्रश्नच नव्हता. बाळंतपण घरात, सुईणीच्या हातचं. नोंद कोण करणार?

पासपोर्टला पूर्ण तारीख लागते. काउंटरवरच्या मुलीनं फार नीट समजावलं. म्हणाली, "काकी, शाळेत गेला होता का? मग शाळेचा दाखला आणा."

काकी चौथीपर्यंत शिकलेल्या, माहेरच्या गावी, भुदरगड तालुक्यात. गारगोटीची एसटी धरली, मीही सोबत होतो. जिल्हा परिषदेची शाळा. मुख्याध्यापिका बाईंनी कपाटातून लाल फडक्यात बांधलेलं जनरल रजिस्टर काढलं. पानं पिवळी, कडा झिजलेल्या, पण गुरुजींचं अक्षर असं टपोरं की चष्म्याशिवाय वाचावं. आणि जन्मतारखेच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत काय? 1 जून. 1 जून. 1 जून. अख्खा वर्ग एकाच दिवशी जन्मलेला!

ऐकणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या घरात असे 1 जूनवाले आजी-आजोबा असतील. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पोराचं वय तोवर पूर्ण भरायला हवं, आईबापाला तारीख आठवायची नाही. गुरुजी 1 जून लिहून मोकळे व्हायचे. मी त्या गुरुजींना कधीच दोष देणार नाही. पोर शाळेत आलं पाहिजे, ही त्यांची तळमळ होती. शाहू महाराजांनी 1917 मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला, त्याच मातीतले हे मास्तर.

तर काकींची नोंद सापडली. 1 जून 1958. पण नाव? शेवंता.

सुमन हे सासरचं नाव. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं लिहिलेलं. बाई म्हणाल्या, "काकी, ही शेवंता तुम्हीच, हे मी कशावरून लिहून देऊ?" प्रश्न रास्तच होता.

शाळेच्या कट्ट्यावर एक म्हातारबा दूध संस्थेची किटली शेजारी ठेवून बसले होते. आत डोकावले आणि एकदम म्हणाले, "शेवंते? कवा आलीस गं?" बालवाडीपासूनचे नाहीत, पहिलीपासूनचे सोबती. रजिस्टरात दोन ओळी खाली त्यांचं नाव, तारीख अर्थातच 1 जून. काकींनी टेबलाची कड धरली, डोळ्याला पदर लावला. म्हणाल्या, "आई गेल्यापास्नं या नावानं कुणी हाकच मारली नव्हती मला."

श्रोतेहो, हे मी मनापासून बोलतोय: लग्नात मुलीचं पहिलं नाव बदलायची पद्धत आता बंद झाली पाहिजे. आईबापानं बारशाला कानात सांगितलेलं नाव आहे ते. राज्य सरकारनंसुद्धा 1 मे 2024 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव सक्तीचं केलं, फार चांगलं झालं. त्या आईचं नाव तरी तिचं स्वतःचं असू द्या.

असो. हाकेवर पासपोर्ट मिळत नाही. काकींना प्रतिज्ञापत्र करावं लागलं, शेवंताची सुमन झाल्याची नोंद राज्याच्या गॅझेटमध्ये द्यावी लागली. मग शाळेच्या उताऱ्यावरून आधारची तारीख दुरुस्त केली, आणि मग अर्ज. साठीच्या पुढं असल्यानं फीत दहा टक्के सूट मिळाली. पोलीस पडताळणी झाली, पासपोर्ट पोस्टानं दारात आला. तोवर नातू मस्कतमध्ये रांगायला लागला होता.

म्हणून पुन्हा सांगतो. कागद आधी काढा, तिकीट नंतर. आधारमध्ये जन्मतारीख एकदाच बदलता येते आणि नाव दोनदाच. त्यामुळं आधी भक्कम कागद हातात घ्या, मगच दुरुस्तीला जा. आणखी एक: आधार आहे म्हणजे नागरिकत्व सिद्ध झालं, असं धरून चालू नका. आधारच्या 2016 च्या कायद्यातच लिहिलंय की तो नागरिकत्वाचा पुरावा नाही. पासपोर्टचा कायदा वेगळा, 1967 चा. दोन्ही कागद लागतात, पण दोन्हींचं काम वेगळं.

अर्जासाठी सरकारी संकेतस्थळ एकच, पासपोर्ट इंडिया डॉट जीओव्ही डॉट इन. त्यासारखीच दिसणारी, जास्त पैसे उकळणारी बरीच आहेत, तिकडं जाऊ नका.

आणि घरात बाळ आलं असेल तर हे लिहूनच ठेवा. 1 ऑक्टोबर 2023 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्माचा दाखलाच चालतो. शाळेचा नाही, आधार नाही. एकवीस दिवसांच्या आत महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नोंद करा, आणि दाखला हातात आला की तिथंच उभं राहून बाळाचं, आईचं, वडिलांचं नाव अक्षर न् अक्षर वाचून घ्या.

नमस्कार.